चौदाव्या प्रश्नाचे उत्तर

चौदाव्या प्रश्नाचा आकडा फार चांगला आला होता, आणि इतका चांगला आकडा खरा नसतो, एवढे क्वेक बाईंना चौतीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते.

वरच्या बारा मुलांपैकी बाराही जणांचे उत्तर बरोबर. खालच्या एकोणतिसांपैकी केवळ पाचांचे. हुशार आणि साधारण यांना असे सुरीने कापून वेगळे करणारे प्रश्न संख्याशास्त्राच्या पुस्तकांत असतात, नऊ वर्षांच्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत नसतात. मुले कंटाळतात, आकडा उलटा लिहितात, खिडकीबाहेरच्या मैनेकडे बघत बसतात. कुठल्याही मोजमापात थोडी धूळ असतेच. ती नसेल, तर आपल्या आधी कोणीतरी झाडून गेले आहे असे समजावे.

हे विश्लेषण त्यांच्याकडे कोणी मागितले नव्हते. मागितली होती ती यादी, आणि तीही आज दुपारी चारच्या आत. तिसरीच्या दोनशे मुलांतून शिक्षकांनी एक्केचाळीस सुचवली होती. त्यांची परीक्षा झाली होती. पहिली बारा मंगळवारी आणि गुरुवारी दुपारच्या विशेष वर्गात बसणार होती. बाराच, कारण त्या खोलीत बारा टेबले मावतात. पूर्वी ही निवड वरून होत असे. आता शाळांनी आपापली हुशार मुले आपापल्या नजरेने हेरावीत, असे धोरण आले होते, आणि आपापल्या नजरेने हेरण्यासाठी अठरा निकषांचा एक छापील तक्ताही आला होता. पालकांना गेलेल्या पत्रात लिहिले होते की या परीक्षेसाठी कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही. सिंगापुरात हे वाक्य पूर्वतयारी सुरू करण्याची सूचना म्हणून वाचले जाते.

बाईंनी कोपीचा, म्हणजे इथल्या दाट कॉफीचा, थंडगार घोट घेतला आणि एक्केचाळीस उत्तरपत्रिका चौदाव्या प्रश्नाशी उघडून टेबलावर मांडल्या.

प्रश्न असा होता. एका इमारतीची लिफ्ट फक्त पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्यावर थांबते. चार मैत्रिणींपैकी एक दुसऱ्या मजल्यावर राहते, दोघी सातव्यावर आणि एक आठव्यावर. चौघींना एका ठिकाणी भेटायचे आहे. लिफ्ट हवी तितक्या वेळा वापरता येईल. चौघींचे मिळून कमीत कमी किती जिने चढावे-उतरावे लागतील?

प्रश्न बाईंचाच होता. पंधरा वर्षांपूर्वी तयार केलेला. या वर्षी दोन आठवड्यांत वीस प्रश्न काढायचे होते, एकोणीस निघाले, आणि विसाव्यासाठी त्यांनी जुनी फाईल उघडली. आळस म्हणता येईल, थकवा म्हणता येईल; परिणाम एकच.

सतरा मुलांनी सहा हे उत्तर लिहिले होते. त्यात नवल नव्हते. उत्तरसूचीत सहाच होते. नवल होते ते शेजारच्या कच्च्या कामात. सतराच्या सतरा मुलांनी लिफ्ट दाखवायला एक लहान चौकट काढून तिच्यात वर जाणारा बाण काढला होता. चौकटीचा खालचा कोपरा उघडा.

तो उघडा कोपरा बाईंचा होता. चौकट काढताना त्यांचे पेन शेवटच्या वळणावर नेहमी आधीच उचलले जाई. जुन्या फाईलमधले नमुना उत्तर त्यांनी हाताने लिहिले होते. वर्गात वाटलेले ते उत्तर कोणत्या तरी मुलाच्या दप्तरातून बाहेर गेले, झेरॉक्सच्या दुकानात ‘नामांकित शाळांच्या प्रश्नपत्रिका’ या गठ्ठ्यात बसले, तिथून कुठल्यातरी शिकवणी केंद्राच्या वहीत शिरले, आणि पंधरा वर्षांनी सतरा मुलांच्या हातांतून परत त्यांच्या टेबलावर आले. आजाराची साथ शोधणारे लोक असाच एखादा खुणेचा जंतू शोधत असतात.

म्हणजे हा प्रश्न बुद्धिमत्ता मोजत नव्हता. तो फी मोजत होता. बाई हे यादीखालच्या शेऱ्यात एका ओळीत लिहून मोकळ्या झाल्या असत्या. पण गठ्ठा परत बांधताना एका उत्तरपत्रिकेवर त्यांची नजर अडकली. उत्तराच्या चौकटीत ‘४’, त्यावर लाल फुली, शेजारी शून्य. फुली त्यांचीच. नाव हुमैरा बिन्ते शफरुद्दीन, चाळीसपैकी तीस गुण, क्रमांक तेरावा. बाराव्या क्रमांकावर सिआ यी शुआन ही मुलगी होती, बत्तीस गुण. दोघींच्या मध्ये बरोबर एक, दोन गुणांचा प्रश्न.

चार कसे येईल? बाईंनी सवयीने चूक शोधायला सुरुवात केली, आणि चूक सापडेना.

दुसऱ्या मजल्यावरची एक जिना उतरून लिफ्टशी येते. सातव्यावरच्या दोघी पाचव्याला किंवा नवव्याला, प्रत्येकी दोन. आठव्यावरची नवव्याला, एक. एकूण सहा. हे त्यांचे उत्तर. पण हे कधी? तर भेट लिफ्टपाशीच व्हायला हवी असे धरले तर. प्रश्नात तसे कुठेही म्हटलेले नव्हते. दोघी सातव्यावर घरीच थांबल्या, आठव्यावरची एक जिना उतरली, आणि दुसऱ्या मजल्यावरची एक उतरून लिफ्टने पाचव्याला आली व तिथून दोन चढली, तर एक अधिक तीन. चार.

त्यांनी पुन्हा केले. चार.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. तोआ पायोह वस्तीतल्या ज्या इमारतीत त्या वाढल्या, तिची लिफ्ट अशीच पहिल्या, पाचव्या आणि नवव्या मजल्याला थांबे. त्यांचे घर सातव्यावर. भेटायचे म्हणजे लिफ्टपाशी. त्याला दुसरा पर्यायच नव्हता. आई बाजाराच्या पिशव्या घेऊन पाचव्याच्या कठड्याशी उभी राही आणि वर हाक मारी. कोणाला ‘वर या’ म्हणणे हा आगाऊपणा समजला जाई. तो शिष्टाचार त्यांनी प्रश्न लिहिताना गणितात मिसळला आणि त्यांना कळलेही नाही. ज्यांनी प्रश्नपत्रिका तपासली ते सहकारीही तशाच इमारतींत वाढलेले होते. आता सगळ्या इमारतींची लिफ्ट प्रत्येक मजल्याला थांबते. नऊ वर्षांच्या मुलीला मधले मजले चुकवणारी लिफ्ट ही परीकथाच. म्हणून तिने फक्त लिहिलेले वाचले.

पंधरा वर्षांपैकी निदान सहा वर्षे हा प्रश्न त्यांनी वर्गात दिला होता. एकदा एक मुलगा टेबलापाशी आला होता. नाव आठवत नव्हते. चष्म्याला लावलेली निळी दोरी आठवत होती. “टीचर, चार का नाही?” आणि त्या म्हणाल्या होत्या, “प्रश्न पुन्हा नीट वाच.” तो नीट वाचायला परत गेला होता. ते कागद कधीच रद्दीत गेले. पुरावा उरला नाही म्हणजे चूक झाली नव्हती, असे मात्र नाही.

तरीही एक ‘४’ म्हणजे सिद्धता नव्हे. मुले अंदाजाने काहीही लिहितात. सुट्टीची घंटा झाली तशा बाई उठल्या आणि कॅन्टीनकडे निघाल्या.

शाळेच्या कॅन्टीनमधला मलय जेवणाचा गाळा हुमैराच्या आजीचा, सगळे ज्यांना मक चिक, म्हणजे मावशी, म्हणत त्या रोहायांचा. सुट्टीतली पहिली धाड ओसरली होती. हुमैरा गाळ्याशेजारच्या बाकावर बसून ‘मी रेबुस’ या रस्सेदार नूडल्समधले अंडे शेवटी खाण्यासाठी बाजूला सारत होती.

“या, क्वेक मॅडम,” मक चिक झाऱ्यावरून नजर न काढता म्हणाल्या. “कोपी हवी, की तक्रार आणलीत?”

“दोन्ही नको. हुमैराला एक विचारायचं होतं.”

“काय केलंन तिनं?”

“काही नाही.”

“काही केलं नाही म्हणून कोणी टीचर कॅन्टीनपर्यंत चालत येत नाही. मी बावीस वर्षं इथे आहे.”

बाई बाकावर बसल्या. उत्तराकडे बोट दाखवायचे नाही, असे त्यांनी स्वतःला बजावले होते. “परीक्षेतला चौदावा प्रश्न आठवतो तुला?”

“लिफ्टचा?”

“हो. कसा सोडवलास?”

हुमैराने आजीच्या ओट्यावरून सांबल चटणीच्या रिकाम्या बशा आणल्या आणि टेबलावर एका ओळीत नऊ मांडल्या. मग हिरव्या मिरचीचे चार तुकडे.

“त्या बशा आत्ता धुतल्यात मी,” आजी म्हणाली.

“परत धुवीन. टीचर, ही एक, ह्या दोघी, आणि ही. सगळ्या लिफ्टपाशी आल्या तर सहा होतात. आधी सहाच आले माझे. पण ह्या दोघी आधीच एकत्र आहेत ना? मग त्यांनी कशाला निघायचं? जी एकटी आहे तिनं यावं.” तिने मिरच्या सरकवल्या. “ही एक उतरली. ही एक उतरली, लिफ्टमध्ये बसली, इथे आली, दोन चढली. चार.”

“मग हे कागदावर का नाही लिहिलंस?”

“चौकटीत उत्तर लिहा, असं होतं. चौकट एवढीशी होती.”

सूचना बाईंचीच होती. अठरा निकषांचा तक्ताही त्यांनीच भरला होता, आणि हुमैरापुढे ‘स्वतःहून प्रश्न विचारते का’ या रकान्यात ‘क्वचित’ अशी खूण केली होती. ही खूण करताना त्यांनी तिला किती वेळ पाहिले होते? अडतीस मुलांचा वर्ग, अठरा निकष, एक दुपार. भागाकार करण्यात अर्थ नव्हता.

“तुझं उत्तर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मी चूक दिलं होतं. उत्तरसूचीत माझी चूक होती.”

हुमैराने आजीकडे पाहिले. “टीचरचं पण चुकतं?”

“चुकतं गं. त्यांनाही जेवायला दहाच मिनिटं मिळतात. अंडं खा.” मग आजी झारा ठेवून बाईंकडे वळली. “म्हणजे तो मंगळवारचा वर्ग? तिची आई विमानतळावर पाळीला असते. आलेलं पत्र तिनं तीनदा वाचलं. तयारी नको असं लिहिलं होतं, म्हणून आम्ही नाही केली. शेजारीण हसली आम्हाला. ‘पत्रातलं खरं धरतेस?’ म्हणाली.”

“अजून काही ठरलेलं नाही, मक चिक.”

“नाही, मी विचारत नाहीये. सांगतेय.”

“त्या वर्गात काय करतात?” हुमैराने विचारले.

“असलेच प्रश्न सोडवतात.”

“आणि ते तपासतं कोण?”

“मीच.”

“मग मी मागच्या पानावर सगळं लिहून ठेवत जाईन,” ती म्हणाली आणि बशा गोळा करू लागली.

उपमुख्याध्यापक ग्लेन पेस्ताना यांनी सगळे ऐकून घेतले आणि चष्मा काढून डोळे चोळले. हा माणूस वाईट नव्हता. त्याच्या भिंतीवर वर्षाचे वेळापत्रक होते आणि त्यात एकही मोकळा चौकोन नव्हता.

“सोपं आहे, क्वेक मॅडम. प्रश्न सदोष निघाला, तर तो वगळायचा. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ते. अडतीसपैकी गुण धरा.”

“मग हुमैरा तीस आणि यी शुआनही तीस.”

“बरोबरी झाली. बरोबरीला तक्ता बघायचा. तक्त्यात यी शुआन वर आहे. यादी आहे तशीच राहते, कोणाला पत्र नको, कोणाला फोन नको. मला तर यात देवाचा हात दिसतो.”

“मला माझा दिसतो. तक्ता मीच भरलाय.”

“तुमच्या तक्त्यावर तुमचाच विश्वास नाही?”

“माझा कशावरच फारसा नाही. म्हणून तर मोजते.” बाईंनी उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर ठेवली. “प्रश्न सदोष नाहीये, ग्लेन. प्रश्न अगदी स्वच्छ आहे. उत्तरसूची सदोष आहे. सदोष प्रश्न वगळतात. सदोष उत्तर दुरुस्त करतात. सहा लिहिलं त्यांचे दोन गुण कमी, चार लिहिलं तिचे दोन वाढतील. हुमैरा बत्तीस, यी शुआन तीस. बाकी अकरा जागच्या जागी.”

“आणि सतरा घरांतून फोन.”

“येतील.”

“विचारतील, पंधरा वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

“विचारू देत. मीही तेच विचारतेय.”

पेस्तानांनी खिडकीबाहेर पाहिले. मैदानावर चौथीची मुले कवायतीच्या नावाखाली उभी होती. “तुमच्या निवृत्तीला किती राहिलं?”

“दीड वर्ष.”

“एवढं थांबली असती ही लिफ्ट.” त्यांनी पेन उचलले. “एक सांगा. यी शुआनपेक्षा ही मुलगी जास्त हुशार आहे, असं खात्रीनं म्हणता येईल तुम्हाला?”

“नाही.”

“मग?”

“दोन गुणांच्या फरकावरून असं कोणालाच म्हणता येणार नाही. ही परीक्षा उद्या परत घेतली, तर नवव्या ते विसाव्या क्रमांकातलं कोणतंही मूल बाराव्या खुर्चीवर बसेल. मी एवढंच म्हणतेय की तिनं बरोबर लिहिलं आणि मी फुली मारली.”

पेस्तानांनी सही केली. सहीच्या खाली शेऱ्याची जागा होती. तिथे बाईंनी आपल्या अक्षरात लिहिले: प्रश्न चौदा, योग्य उत्तर चार, उत्तरसूचीतील चूक माझी, ज्यांना उत्तरपत्रिका पाहायची असेल त्यांना दाखवावी. खाली पूर्ण नाव, क्वेक गेओक चू. चार वाजायला वीस मिनिटे असताना यादी पालकांच्या फोनवर गेली.

सोमवारपर्यंत नऊ फोन आले आणि एक लांबलचक ईमेल. एका वडिलांनी लिफ्टच्या वेगाचा मुद्दा काढला. शिकवणी केंद्राकडून काहीच आले नाही. त्यांनी बहुधा नव्या उत्तराची वही छापायला घेतली असावी.

सोमवारी शाळा सुटल्यावर यी शुआन शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली. किरकोळ अंगाची, नखे मुळापर्यंत कुरतडलेली, दप्तर पाठीवरून न काढता बोलणारी. आठवड्यातून सहा दिवस तिच्या शिकवण्या असतात, हे तिच्या आईने मागच्या पालकभेटीत अभिमानाने सांगितले होते.

“टीचर, आई म्हणाली, माझं सहा चूक कसं ते विचारून ये. साडेतीनला गाडी येणारे.”

“बस.”

“बसले तर उशीर होईल.”

“बस, यी शुआन.”

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. बाईंनी कागदावर नऊ रेघा काढल्या. “तू सहा कसं काढलंस?”

“जवळच्या लिफ्टपर्यंतच चालायचं. नियम आहे तो.”

“कुठला नियम?”

“वहीतला. लिफ्टचा प्रश्न आला की हा नियम वापरायचा.”

“तो नियम मी लिहिला होता,” बाई म्हणाल्या. “तो चुकीचा आहे. तो विसर. प्रश्नात लिहिलंय तेवढंच धर. लिफ्टपाशीच भेटा असं कुठे म्हटलंय का?”

यी शुआनने प्रश्न वाचला. मग पुन्हा वाचला, बोट शब्दांखालून फिरवत. तिचा उजवा हात तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

“म्हणजे कुठेही भेटलं तरी चालेल?”

“कुठेही.”

“कुठेही म्हणजे, आपल्याला हवं तिथे?”

“हो. आता बघ, समजा सातव्यावर—”

“थांबा, टीचर. सांगू नका.”

मुलीने रेघांवर बोट ठेवले, हलवले, परत आणले. एक मिनिटही झाले नसेल.

“सातव्यावर चार होतात,” ती म्हणाली. “पण आठव्यावर भेटल्या तरी चारच. सातव्यावरच्या दोघी एकेक जिना चढतील. खालची लिफ्टनं नवव्याला जाईल आणि एक उतरेल, तिचे दोन. आठव्यावरचीला काहीच नाही. एक, एक, दोन. चार.” तिने वर पाहिले. “आठवाच बरा. सातव्यावर त्या खालचीला एकटीला तीन जिने पडतात. इथे कोणालाच दोनपेक्षा जास्त नाहीत.”

बाईंनी पेन हातात घेतले आणि तपासले. एक, एक, दोन, शून्य. बरोबर होते. त्यांना हे दिसले नव्हते; पंधरा वर्षांत नाही आणि गेल्या चार दिवसांतही नाही. हुमैराच्या बशांतही ते नव्हते. चार सापडल्यावर सगळ्यांनीच शोध थांबवला होता.

“बरोबर आहे का?” यी शुआनने विचारले.

“बरोबर आहे. हे मला माहीत नव्हतं.”

मुलीने पुन्हा रेघांकडे पाहिले. बहुधा अशा वाक्यानंतर काय करायचे असते, ते वहीत नव्हते. “मग याचे गुण मिळतील?”

“नाही. यादी गेली.”

“बरं.” ती उठली. दप्तराचा पट्टा सारखा केला. दारापाशी थांबून म्हणाली, “आईला काय सांगू?”

बाईंनी उत्तर शोधले. मोजमापाला मर्यादा असतात, हे खरे होते. खोलीत बाराच टेबले मावतात, हेही खरे होते. दोन्ही वाक्ये नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात देऊन गाडीत बसवण्यासारखी नव्हती.

“सांग की उत्तर चार आहे,” त्या म्हणाल्या, “आणि त्यातलं अर्धं तू टीचरला शिकवलंस.”

“ती विश्वास ठेवणार नाही.”

“मग मी लिहून देते.”

त्यांनी कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. आठवा मजला समजावण्यासाठी शेजारी लिफ्टची लहान चौकट काढावी लागली. या वेळी त्यांनी शेवटचा कोपरा पूर्ण मिटवला. बाहेर गाडीने एकदा, मग दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. यी शुआन दारातच उभी राहून, कागद पुरा होईपर्यंत थांबली होती.